उजव्या किडनीचा रिपोर्ट, डावीचा रुग्ण

एका दात्याच्या दोन किडन्या दोन वेगळ्या रुग्णालयांत गेल्या. उजवी जिथे गेली तिथे किडनीसोबत आलेल्या थंड द्रावाचं कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) लावलं गेलं आणि त्यात बुरशी वाढली. डावी जिथे गेली तिथे कल्चर लावायची पद्धतच नव्हती. पहिल्या रुग्णालयाला जे तिसऱ्या दिवशी कळलं, ते दुसऱ्याला नवव्या दिवशी कळलं. मधल्या सहा दिवसांसाठीच हे प्रकरण लिहिते आहे.

आधी एक खुलासा. यातले दोन रुग्ण म्हणजे कुणी ठरावीक माणसं नाहीत. प्रत्यारोपणानंतरच्या संसर्गांत जे पुन्हा पुन्हा दिसतं ते एकत्र करून, शिकवण्यासाठी हे प्रकरण रचलं आहे. औषधं, तपासण्यांच्या वेळा आणि चुका मात्र प्रत्यक्षात जशा असतात तशाच ठेवल्या आहेत.

द्राव

दात्याच्या शरीरातून अवयव काढताना महाधमनीत नळी घालून थंड द्राव सोडतात. रक्त धुऊन निघतं, किडनी लालसर-तपकिरी असते ती फिकट राखाडी पडते. मग ती त्याच द्रावात बुडवून, एकात एक तीन निर्जंतुक पिशव्यांत बांधून बर्फाच्या पेटीत ठेवतात. बर्फ बाहेरच्या बाजूला असतो, तो आतल्या पिशवीत जाता कामा नये. तापमान साधारण ४ अंश सेल्सियस. एवढ्या थंडीत पेशींची भूक मंदावते आणि रक्ताशिवाय त्या काही तास तग धरतात.

१९६९ साली कॉलिन्स यांनी असा पहिला उपयोगी द्राव मांडला. पुढे १९८०च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउथार्ड यांनी जो द्राव तयार केला, त्याने यकृतासारख्या नाजूक अवयवालाही बराच जास्त वेळ मिळवून दिला. त्यात भरपूर पोटॅशियम असतं. पेशी सुजू नयेत म्हणून लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज, शिवाय अॅडेनोसिन आणि ग्लुटाथायोन असतं. हा सगळा विचार पेशी जगवण्याचा आहे. जंतू मारणं हे या द्रावाचं काम नाही, आणि ४ अंशांची थंडीही ते करत नाही. जंतू थंडीत दबून बसतात. किडनी बसवली, चिमटे सुटले, गरम रक्त आत शिरलं की तेही जागे होतात. त्या वेळी समोर असतो तो असा माणूस, ज्याची प्रतिकारशक्ती आपणच औषधं देऊन मुद्दाम खाली आणलेली असते.

दाता आणि एक ओळ

दाता तरुण होता. अपघातात डोक्याला मार लागला होता, पोटालाही धक्का बसला होता. अतिदक्षता विभागात ६ दिवस, त्यातले ५ दिवस भारी प्रतिजैविकांवर. मेंदूमृत घोषित झाल्यावर कुटुंबाने दानाला संमती दिली. रक्ताच्या कल्चरमध्ये काही वाढलं नव्हतं. यकृतात चरबी जास्त होती म्हणून ते घेतलं गेलं नाही, दोन्ही किडन्या घेतल्या गेल्या.

रिट्रीव्हलच्या, म्हणजे दात्याचे अवयव काढून घेण्याच्या शस्त्रक्रियेच्या नोंदीत, दुसऱ्या पानाच्या तळाशी, एक ओळ होती: "ग्रहणीला लहान चीर, टाके घातले, पोट धुऊन घेतलं."

ग्रहणी म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग. या ओळीचं वजन ज्यांना कळायला हवं होतं त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही. आतड्यात कॅन्डिडा ही बुरशी बहुतेकांच्या पोटात शांतपणे राहते. प्रतिजैविकांनी आतड्यातले जिवाणू मारले की तिला मोकळं रान मिळतं. पाच दिवस प्रतिजैविकं घेतलेल्या माणसाचं आतडं किडन्या काढतानाच फाटलं, तर आतलं थोडंसं का होईना त्या पोटात सांडणार. पोट धुतल्याने ते कमी होतं, संपत नाही. आणि त्याच पोटातून, त्याच हातांनी, दोन्ही किडन्या पिशवीत जातात. फ्रान्समध्ये किडनी प्रत्यारोपणानंतर बसवलेल्या जागी होणाऱ्या कॅन्डिडा संसर्गाचा अनेक केंद्रांत मिळून अभ्यास झाला, तेव्हा मूळ बहुतेक वेळा अवयव काढण्याच्या टप्प्यातच सापडलं. तिथलं प्रमाण दर हजार प्रत्यारोपणांमागे सुमारे एक इतकं कमी होतं. कमी म्हणूनच ते कुणाच्या डोक्यात नसतं.

बॅक टेबलवर २० मिली

उजवी किडनी चाळिशीतल्या एका बाईंना मिळाली. त्या चार वर्षं डायलिसिसवर होत्या. किडनी बर्फातून निघाली तेव्हा तिला शरीराबाहेर ११ तास झाले होते.

या रुग्णालयात एक साधा नियम होता. बॅक टेबलवर, म्हणजे किडनी बसवण्याआधी ती तयार करायच्या वेगळ्या टेबलावर, आतली पिशवी उघडली की किडनीला हात लावायच्या आधी सर्जनने सिरिंजने २० मिली द्राव ओढून घ्यायचा. १० मिली एका ब्लड कल्चर बाटलीत, १० मिली दुसरीत. जास्तीत जास्त अर्ध्या मिनिटाचं काम. त्या रात्री ते झालं. बाटल्यांवर लेबल लागलं: बाईंचा रुग्ण क्रमांक, आणि खाली "परफ्युजन फ्लुइड, उजवी किडनी". दात्याचा क्रमांक लिहिला गेला नाही, कारण लेबलवर त्यासाठी रकानाच नव्हता.

४१ तासांनी, म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, लॅबमधल्या मशीनने एक बाटली पॉझिटिव्ह दाखवली. थेंबभर काचपट्टीवर घेऊन ग्राम स्टेन केला, म्हणजे जंतू रंगवून पाहिले. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या, अंड्याच्या आकाराच्या पेशी होत्या, जिवाणूंपेक्षा कितीतरी मोठ्या. त्यातल्या काहींना बाजूने छोटी कळी फुटलेली होती. हे पाहिल्यावर ही यीस्ट, म्हणजे एकपेशी बुरशी, आहे याबद्दल शंका उरत नाही. मग जर्म ट्यूब चाचणी: वसाहतीतला कण माणसाच्या सीरममध्ये ३७ अंशांवर दोन-अडीच तास ठेवला, आणि पेशींमधून कुठेही न आवळलेली सरळ नळी बाहेर आली. तिसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्टवर नाव उमटलं, कॅन्डिडा अल्बिकन्स.

ड्यूटीवरच्या टेक्निशियनने रिपोर्टसोबत एक शेरा टाकला होता: "बहुधा दूषण, वैद्यकीय संदर्भ पाहावा." त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस अशा द्रावात वारंवार सापडतो आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ खरोखर दूषणच असतो. त्यामुळे हा शेरा सवयीने पडतो. पण बुरशीच्या बाबतीत तो टाकूच नये असं माझं ठाम मत आहे. कॅन्डिडा चुकून बाटलीत पडली असं गृहीत धरायची मुभा प्रत्यारोपणाच्या नमुन्यात नाही.

उजवी किडनी

बाईंना ताप नव्हता. लघवी छान होत होती, क्रिएटिनिन (किडनी चांगली चालली की रक्तात कमी होणारा घटक) रोज उतरत होतं. जखम कोरडी. ज्या रुग्णाला काही होत नाही त्याला बुरशीचं औषध कशाला, हा प्रश्न वॉर्डात विचारला गेलाच, आणि तो चुकीचा नव्हता.

उत्तर धमनीत आहे. नवी किडनी बसवताना तिची धमनी रुग्णाच्या मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला टाक्यांनी जोडतात. कॅन्डिडाला तो टाक्यांचा सांधा आवडतो. ती धमनीच्या भिंतीत शिरते, भिंत आतून पोखरते, तिथे फुगा येतो आणि एक दिवस तो फुटतो. फुटेपर्यंत ताप असेलच असं नाही, लघवी कमी होईलच असं नाही, रक्ताच्या कल्चरमध्येही काही येईलच असं नाही. म्हणून किडनीच्या द्रावात कॅन्डिडा सापडली की लक्षणांची वाट पाहत नाहीत.

त्याच दिवशी रक्त, लघवी आणि ड्रेनमधल्या पाण्याचं कल्चर गेलं आणि शिरेतून एकायनोकँडिन गटातलं बुरशीविरोधी औषध सुरू झालं. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बुरशीला कोणतं औषध लागू पडतं याचा रिपोर्ट, आल्यावर फ्लुकोनाझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधावर आणलं, कारण ते लघवीतही चांगलं उतरतं. मूत्रवाहिनीत ठेवलेला स्टेंट (बारीक नळी) आणि मूत्राशय ही दोन्ही ठिकाणं बुरशीला सोयीची असतात.

फ्लुकोनाझोलसोबत एक सापळा येतो. प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस हे औषध यकृतातल्या ज्या एन्झाइमने मोडलं जातं, त्याच एन्झाइमला फ्लुकोनाझोल अडवतं. फ्लुकोनाझोलच्या चौथ्या दिवशी बाईंची टॅक्रोलिमसची पातळी ९ वरून १६ वर गेली, हात थरथरू लागले. डोस जवळपास एक-तृतीयांश कमी केला, दर दोन दिवसांनी पातळी पाहिली. उलट बाजूचं विसरलं जातं. फ्लुकोनाझोल थांबलं की टॅक्रोलिमसची पातळी खाली येते आणि किडनी नाकारली जाण्याचा धोका वाढतो. म्हणून औषध थांबवायची तारीख आणि टॅक्रोलिमस वाढवायची तारीख केसपेपरवर एकाच ओळीत लिहिली होती. ही सवय मला फार मोलाची वाटते.

बाईंना सांगितलं गेलं. डॉक्टर पलंगाशी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "किडनीसोबत जे पाणी आलं होतं त्यात बुरशी सापडली आहे. तुमच्या अंगात ती आहे असं आत्ता दिसत नाही. पण ती धमनीला धरू शकते, म्हणून आजपासून औषध आणि दर आठवड्याला सोनोग्राफी." बाईंनी एवढंच विचारलं, की किडनी काढावी लागेल का. "आत्ता तसं काही दिसत नाही. दिसलं तर सगळ्यात आधी तुम्हालाच सांगू."

धमनीत काहीच गुंतलेलं नसेल तर निदान दोन आठवडे औषध द्यावं, असं तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. इथे स्टेंट निघेपर्यंत, चार आठवडे दिलं. प्रत्येक डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, स्वच्छ आला.

सहा दिवस

आता मागे, तिसऱ्या दिवशी सकाळी. रिपोर्ट बाईंच्या वॉर्डात आला, डॉक्टरांनी पाहिला, उपचार सुरू केले. वॉर्डाच्या दृष्टीने काम पूर्ण झालं. लॅबच्या दृष्टीनेही झालं, कारण गंभीर रिपोर्ट फोनवर कळवला होता आणि फोनची नोंदही होती. कोणता अवयव कुठे गेला याची नोंद ठेवणाऱ्या प्रत्यारोपण कोऑर्डिनेटरला कुणी कळवलं नाही. कुणी मुद्दाम लपवलं नाही. लॅबला वाटलं वॉर्ड कळवेल, वॉर्डाला वाटलं लॅबकडून परस्पर जात असेल. रिपोर्टवर बाईंचा क्रमांक होता, त्यामुळे पाहणाऱ्या प्रत्येकाला तो बाईंचा रिपोर्ट वाटला. तो दात्याचा रिपोर्ट होता.

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. तो द्राव रुग्णाच्या शरीरातून आलेला नमुना नसतोच. तो दात्याच्या पोटातून आलेला असतो आणि त्या दात्याचे जितके अवयव जिथे जिथे गेले, तितक्या माणसांचा त्यावर हक्क असतो. अमेरिकेतल्या अवयव वाटप जाळ्याच्या नियमांत, दात्याकडून आजार आल्याची शंका आली की प्रत्यारोपण केंद्राने २४ तासांच्या आत कळवावं असं बंधन आहे. युरोपीय संघाच्या २०१०/५३ या निर्देशानेही सदस्य देशांना अशा गंभीर घटना कळवण्याची व्यवस्था उभी करायला लावली. नियमाची भाषा रुक्ष असते, पण त्यामागे नेमकी हीच परिस्थिती आहे: दुसऱ्या वॉर्डात कुणीतरी झोपलं आहे आणि त्याला काहीच माहीत नाही.

नवव्या दिवशी मासिक आढाव्यासाठी फाइल चाळताना कोऑर्डिनेटरची नजर रिपोर्टवर पडली. तिने नोंदवहीत डावी किडनी कुठे गेली ते पाहिलं आणि पाचव्या मिनिटाला फोन केला.

डावी किडनी

डावीचे रुग्ण पन्नाशीतले गृहस्थ होते. आठव्या दिवशी घरी गेले होते, क्रिएटिनिन १.४. टाक्यांच्या बाजूला खोल दुखतं असं त्यांनी जाताना सांगितलं होतं आणि ते जखमेचं दुखणं म्हणून सोडून दिलं गेलं. मला यात निष्काळजीपणा दिसत नाही. आठव्या दिवशी टाक्यांजवळ कुणाला दुखत नाही? द्रावाची माहिती हातात असती तर मात्र हेच वाक्य वेगळं ऐकू आलं असतं.

दहाव्या दिवशी त्यांना परत बोलावलं. डॉप्लरमध्ये धमनीचा प्रवाह ठीक होता, किडनीजवळ ३ सेंटिमीटरचा पाण्याचा साठा दिसला. प्रत्यारोपणानंतर लसिकेचं पाणी असं साठतं, तेच असेल असं पहिलं मत पडलं. संसर्गतज्ज्ञांनी सुई घालून ते पाणी काढायचा आग्रह धरला. फ्लुकोनाझोल त्याच दिवशी सुरू झालं. अकराव्या दिवशी पाणी काढलं, तेराव्या दिवशी त्यात यीस्ट वाढली. तातडीने सीटी अँजिओग्राफी केली. त्यासाठी शिरेतून द्याव्या लागणाऱ्या कॉन्ट्रास्ट या औषधाने नव्या किडनीला इजा होऊ शकते हे माहीत असूनही केली, आणि ते बरोबरच होतं. धमनीच्या सांध्यावर १४ मिलिमीटरचा फुगवटा होता. डॉप्लरला तो तीन दिवसांपूर्वी दिसला नव्हता.

किडनी चांगली चालली होती. ती काढायची?

संसर्गाने पोखरलेली धमनी नुसत्या औषधाने भरून येईल यावर भरवसा ठेवता येत नाही. फुगा फुटला तर मिनिटांत माणूस जातो. सर्जनने त्या गृहस्थांना आणि त्यांच्या मुलीला सगळं समोर बसवून सांगितलं, स्कॅनचं चित्रही दाखवलं. ते बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सकाळीच दोन लिटर लघवी मोजली होती हो." चौदाव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. चिमटा लागेपर्यंत किडनी लघवी करत होती. सांध्याजवळची धमनीची भिंत भिजलेल्या कागदासारखी झाली होती, टाका धरत नव्हती. तेवढा भाग कापून, मांडीतली शीर घेऊन धमनी दुरुस्त केली. पॅथॉलॉजीत भिंतीच्या आत बुरशीचे लांबट तंतू दिसले. दोन्ही रुग्णालयांतली कॅन्डिडा जनुकीय तुलनेत एकच निघाली.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबली, बुरशीचं औषध सहा आठवड्यांच्याही पुढे चाललं. पाय वाचला, जीव वाचला, आणि डायलिसिस परत सुरू झालं.

मग प्रत्येक पॉझिटिव्ह रिपोर्टला औषध द्यायचं का?

नाही, आणि हे ठासून सांगायला हवं, कारण असं प्रकरण वाचल्यावर हात लगेच प्रिस्क्रिप्शनकडे जातो. या विषयावरच्या अनेक अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं, त्यात द्रावाचं कल्चर पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण सुमारे ३७ टक्के निघालं. म्हणजे तीनातल्या एका पिशवीत काहीतरी वाढतंच. त्यात मोठा वाटा त्वचेवरच्या निरुपद्रवी जंतूंचा. पण जिथे खरे रोगकारक जंतू वाढले, तिथे त्यांच्यामुळे संसर्ग झालेले रुग्ण सुमारे १० टक्के होते, आणि अशा संसर्ग झालेल्यांपैकी जवळपास एक-तृतीयांश दगावले. सरसकट औषध दिलं तर दहातल्या नऊ जणांना विनाकारण औषधाची झळ बसेल, प्रतिरोधक जंतू वाढतील. कुणालाच दिलं नाही तर उरलेला एक असुरक्षित राहील. म्हणून जंतू कोणता हे पाहून ठरवावं लागतं. त्वचेवरचा कोअॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस एकाच बाटलीत आला आणि रुग्ण ठणठणीत असेल, तर लक्ष ठेवून थांबता येतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्युडोमोनास, क्लेब्सिएला आणि त्यातही कार्बापेनेम या भारी प्रतिजैविकांना दाद न देणारी, किंवा कॅन्डिडा आली तर थांबायचं नाही. प्रतिरोधक क्लेब्सिएलाही धमनीचा सांधा अगदी असाच फोडते.

दोष दरवेळी रिट्रीव्हलमध्येच असतो असंही नाही. मार्च २०१२ मध्ये युरोपात विस्कॉन्सिन प्रकारचा एक मोठ्या प्रमाणात वापरला जाणारा द्राव बाजारातून परत मागवावा लागला. कारखान्यातली प्रक्रिया निर्जंतुक राहते का हे तपासण्यासाठी जो चाचणी-द्रव चालवतात, त्यात बॅसिलस सीरियस सापडला होता. पर्याय सगळीकडे लगेच हाताशी नव्हता, आणि अवयव तर थांबत नाही. तेव्हा पर्याय मिळेपर्यंत, जिथे दुसरं काहीच नाही तिथे तोच द्राव सावधपणे वापरून रुग्णांवर बारीक लक्ष ठेवायची पाळी आली. पिशवी कारखान्यातून सीलबंद आली म्हणून नमुना घ्यायचं टाळू नये, ते यासाठीही.

नंतर

दोन्ही रुग्णालयांनी मिळून जे बदललं ते दिसायला फारच किरकोळ आहे. लेबलवर दाता क्रमांकाचा रकाना आला. द्रावात काहीही वाढलं की लॅबचा पहिला फोन कोऑर्डिनेटरला, दुसरा वॉर्डाला. रिट्रीव्हलच्या नोंदीत आतड्याला इजा झाली असेल तर ती पहिल्या पानावर, सगळ्यात वर. डावीच्या रुग्णालयातही आता बॅक टेबलवर २० मिली घेतलं जातं.

तिसऱ्या दिवशी फोन गेला असता तर ती किडनी वाचली असती का, याची हमी कुणी देऊ शकत नाही. उजवीच्या बाईंना वेळेवर औषध मिळालं आणि त्या वाचल्या, यावरून डावीचंही तसंच झालं असतं असं म्हणणं सोपं आहे, पण सिद्ध होत नाही. कदाचित डावीवर जंतूच जास्त सांडले असतील, तिची धमनी आधीच बाधली असेल. पण दहाव्याऐवजी तिसऱ्या दिवशी औषध सुरू झालं असतं, एवढं तर नक्की, आणि सात दिवस बुरशीसाठी फार मोठा काळ असतो.

त्या गृहस्थांना हे सगळं सांगितलं गेलं, उशीर झाल्याचंही. सांगायला कोऑर्डिनेटर स्वतः डायलिसिस युनिटमध्ये गेली. ते ऐकून घेत होते, मशीन चालू होतं. राग आला असणारच, पण त्यांनी तो बोलून दाखवला नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "त्या मुलाची दुसरी किडनी कुणाला तरी मिळाली असेल ना? ती कशी आहे?"

नाव-गाव सांगता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"चालू आहे," ती म्हणाली. "चांगली चालू आहे."

त्यांनी मान हलवली आणि पांघरूण हातावर ओढून घेतलं.